पालीहून पेशीला

आमच्या घरात माणसांचं वय दाव्यावरून काढतात. थोरली आत्या ‘शिकमी कायद्याच्या सालची’, मधले काका ‘वकिलांनी कोर्ट सोडलं तेव्हाचे’, माझे वडील ‘धरणाच्या मावेजाच्या वेळचे’. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी सगळ्यांच्या नावापुढे 1 जून लिहून टाकला. पण दावा कुठल्या कोर्टात होता, त्या पेशीला आबांसोबत, म्हणजे माझ्या आजोबांसोबत, कोण गेलं होतं आणि वकिलाला काय दिलं, यात घरातलं कोणी चुकत नाही.

बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की खजाना विहीर मागे पडते आणि पुढं बिंदुसरेचं धरण लागतं. तिथलंच हे पाली. आज महामार्गावरून ट्रक इतक्या वेगानं जातात की बाजेवर बसलेल्या आत्याला बोलता बोलता थांबावं लागतं. ट्रक गेला की ती वाक्य तिथूनच उचलते. आता तिनं ऐंशी ओलांडली. मी बीडला वकिली करते, तरी आमच्या घराच्या दाव्याचा खरा मजकूर मला कागदांत सापडला नाही, तो तिच्याकडूनच मिळाला.

पणजोबा बीडच्या एका जमीनदाराची जमीन कसायचे. निजामाच्या राज्यात असा कसणारा म्हणजे शिकमी. मालकानं उठ म्हटलं की उठायचं. फसली 1354 मध्ये, म्हणजे 1944-45 च्या सुमारास, हैदराबाद संस्थानानं असामी शिकमी कायदा केला आणि वर्षानुवर्षं कसणाऱ्याला थोडा आधार दिला. कायदा झाल्याचं गावात कळण्याआधी तो मालकाला कळला. त्यानं घाईनं मुन्सफीत दावा टाकला.

कोर्टाची भाषा उर्दू होती. पणजोबा मराठीत बोलायचे, पेशकार ते उर्दूत उतरवून घ्यायचा आणि खाली त्यांचा अंगठा उमटायचा. आपण काय बोललो ते त्यांना माहीत होतं, कागदावर काय चढलं ते वकिलाला माहीत होतं. या दोहोंतला फरक भरून निघावा म्हणून त्यांनी वकिलाला कधी नाराज केलं नाही. आत्या सांगते, “फी म्हंजे काय तव्हा? एक पोतं जवारी, वर तुपाची बुधली. पैसा कोणापाशी होता? वकीलसाहेब बी पोतं उचलून बघायचे, वजनाला भरतंय का.”

त्या काळी मराठवाड्यातल्या पोराला कायदा शिकायचा तर घर सोडल्यावाचून गत्यंतर नव्हतं. मुंबईचं सरकारी लॉ कॉलेज 1855 पासूनचं, पुण्याचं आयएलएस 1924 चं, पण ती दोन्ही परक्या मुलखात. आपल्या राज्यात म्हणावं तर हैदराबादचं उस्मानिया, आणि तिथं शिकवणं उर्दूतून. तरीही या मातीतून माणसं गेली. वसमतकडचे केशवराव कोरटकर वकिली करत करत हैदराबादच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. त्यांचे पुत्र विनायकराव विद्यालंकार बॅरिस्टर होऊन आले. मुक्तिसंग्राम ऐन भरात असताना संस्थानातल्या वकिलांनी कोर्टांवर बहिष्कार टाकला, त्यात पुढाकार या विनायकरावांचा होता.

इतिहासाच्या पुस्तकात या बहिष्कारावर गौरवाचे दोन परिच्छेद असतात. आमच्या घरी त्याची कथा वेगळी आहे. पणजोबा भल्या पहाटे निघून चालत बीडला पोचले. वकील ओट्यावर बसलेले, अंगात कोट नाही. “आजपासून कोर्ट बंद. आम्ही सोडलं,” म्हणाले. पणजोबांना वाटलं, मालकानं वकील फोडला. ते तिथंच भांडले, गेल्या हंगामातली जवारी परत मागितली. वकिलांनी निजाम, रझाकार, स्वराज्य सगळं समजावून सांगितलं. पणजोबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते समदं बरोबर. पण पेशी कव्हा?”

मला या प्रसंगात दोघंही बरोबर वाटतात. वकील पुढं तुरुंगात गेले. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली, संस्थान संपलं आणि ते सुटून आले. त्यानंतर त्यांनी आमच्याकडून फी घेतली नाही, असं आबा सांगायचे. आत्या म्हणते घेतली, फक्त तूप सोडून दिलं.

स्वराज्यानं कुळाला शिकमी कायद्याहून मोठं हत्यार दिलं. 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट आणि शेतजमीन कायदा आला, पणजोबांचं नाव संरक्षित कुळांच्या यादीत लागलं. पण हत्यार चालवण्याची वाट लांब होती. आधी तहसील, तिथून कलेक्टर कचेरीत अपील, त्यावर महसूल न्यायाधिकरण, ज्याला घरात सगळे ट्रिब्युनल म्हणतात, आणि त्याच्याही वर हायकोर्ट. त्यात बिंदुसरेवर धरण आलं आणि वादातल्या जमिनीचा खालचा तुकडा पाण्यात गेला. आता मावेजा कोणाचा, मालकाचा की कुळाचा? जमीन एक आणि दावे दोन झाले. आत्या म्हणते, पाणी भरलं त्या वर्षी आबा काठावर उभे राहून बोटानं दाखवायचे, “तिथं आपली बाभळ होती.” मालकाचा मुनीमही एकदा तिथंच उभा राहून तीच बाभळ दाखवत होता म्हणे.

1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. सभांमध्ये हार पडले, आणि आमच्या दाव्याचं वरचं कोर्ट मुसीच्या काठावरून उठून अरबी समुद्राच्या काठावर गेलं. हैदराबादला जायला निदान जालन्याहून गोदावरी व्हॅलीची छोटी गाडी होती, आणि तिथं पोचल्यावर बोली कळायची, निजामाच्या राज्यात जन्म गेला होता सगळ्यांचा. मुंबईत आबांना काहीच कळेना. हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत. तोवर निदान उर्दू कानाला सवयीची झाली होती. विदर्भाला नागपूरचं खंडपीठ मिळालं. मराठवाड्यानं पंचवीस वर्षं वाट पाहिली. 27 ऑगस्ट 1981 ला मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांच्या आदेशानं औरंगाबादला न्यायमूर्ती बसू लागले. त्यालाही आव्हान दिलं गेलं, ते सर्वोच्च न्यायालयात जाऊन फेटाळलं गेलं, आणि 1984 मध्ये खंडपीठ कायमचं झालं. गेल्या वर्षी ऑगस्टात, म्हणजे 2025 मध्ये, कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा तिकडच्या वकिलांचे आनंदाचे फोटो पाहून आमच्या बाररूममधले जुने लोक म्हणाले, आम्हाला हे माहिती आहे.

त्याच 1956 साली औरंगाबादला लॉ कॉलेज निघालं. हैदराबादच्या लढ्यातले वकील माणिकचंद पहाडे यांचं नाव त्याला आहे. विद्यापीठ यायला आणखी दोन वर्षं होती, ते ऑगस्ट 1958 मधलं. म्हणजे मराठवाड्यात कायद्याचं कॉलेज विद्यापीठाच्या आधी आलं. यात मला तरी नवल वाटत नाही. राज्य बदललं, भाषा बदलली, सातबारा आला, खासरा पत्रकं नवी झाली, आणि जुना कागद नव्या कायद्यात बसवून देणारी माणसं तातडीनं हवी होती. आमचे एक चुलत काका तिथं शिकले, घरातले पहिले वकील. नोकरी करत कॉलेजही सांभाळत. ते पास झाल्याचं कळलं तेव्हा आबांनी पेढे वाटले नाहीत. दाव्याची अख्खी मिसल कापडात बांधून काकांच्या पुढ्यात ठेवली.

काकांनी ती उघडली आणि महिनाभरानं परत आणून दिली. निम्मी मिसल उर्दूत होती. शिकस्ता लिपीतली, नुक्ते गळालेली. काका इंग्रजीतून कायदा शिकले होते, वकिली मराठीतून करणार होते, आणि घरचा दावा होता उर्दूत.

शेवटी हा दावा तडजोडीनं मिटला, खंडपीठ आल्यानंतर. मालकाचे नातू पुण्याला होते, त्यांना जमिनीत रस उरला नव्हता. निम्मी आम्हाला, निम्मी विकून पैसे त्यांना. चाळीस वर्षं भांडलेल्या गोष्टीचा निकाल एका दुपारी चहावर लागला, आणि त्या दुपारचं कोणी काहीच सांगत नाही. दाव्याच्या गोष्टी सांगतात, तडजोडीची कोण सांगणार?

माझ्या पिढीला अंतर कमी पडलं. मी पहाडे कॉलेजातच शिकले. सुट्टीत गावी आले की आत्या परीक्षा घ्यायची, “सांग, कलेक्टरच्या वर कोण?” 1998 मध्ये राज्य सरकारनं अधिसूचना काढून खालच्या कोर्टांची भाषा मराठी केली होती, त्याचं मोल मला वकिली सुरू केल्यावर कळलं. आमचा पक्षकार आता निदान आपला जबाब ऐकून “असं नव्हतो म्हणलो” एवढं म्हणू शकतो. बीडच्या बारला एक अभिमानही होता, तो न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकरांचा. बीडमध्ये वकिली केलेला, त्याआधी लातूरला मराठी शिकवलेला माणूस उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती होतो, निवृत्तीनंतर हैदराबाद संस्थानावर जीव ओतून लिहितो आणि 2023 मध्ये वर्ध्याच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होतो. जानेवारी 2025 मध्ये ते गेले. उर्दू, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांतला कायदा ज्यांच्या डोक्यात एकत्र नांदत होता, अशांपैकी ते अगदी शेवटच्यांतले.

आणि आता आमच्याकडे राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. बंगळूरला 1987 मध्ये जे सुरू झालं ते महाराष्ट्रात यायला 2014 चा कायदा लागला. त्यात मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद अशी तीन नावं होती. मुंबईचं लगेच निघालं, नागपूरचं त्यानंतर, आमचं 2017 मध्ये. मराठवाड्याचा क्रम नेहमीचाच. शहराचं नाव बदललं तसं विद्यापीठही छत्रपती संभाजीनगरचं झालं. पैठण रस्त्याकडे कांचनवाडीत ते आहे, वाल्मीच्या शेजारात. वाल्मी म्हणजे पाणी आणि जमिनीचं व्यवस्थापन शिकवणारी संस्था. जमीन आणि पाणी एका कुंपणात, त्यावरची भांडणं शेजारच्या कुंपणात. ज्यानं जागा निवडली त्याला मराठवाडा कळला होता, किंवा योगायोग असेल.

मी तिथं गेले की मन भरून येतं, हे आधी सांगते. पाच वर्षांचा बी.ए. एलएल.बी. ऑनर्स, पुढं एलएल.एम., पीएच.डी. आहे. अभिरूप न्यायालयात मुली ज्या सफाईनं युक्तिवाद करतात ते ऐकून माझी पहिली हजेरी आठवून लाज वाटते. हे सगळं दहा वर्षांच्या आत उभं राहिलं, तेही मागून आलेल्या भावंडाला मिळतो तेवढ्या वाट्यात. कौतुक करायला मला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

पण पालीहून पाहिलं तर दार जरा उंच आहे. प्रवेश क्लॅट परीक्षेनं. दोन तासांत 120 प्रश्न, लांबलचक इंग्रजी उतारे वाचून. नुसत्या अर्जाची फी 4 हजारांच्या आसपास, शिकवणीचं वेगळं, आणि प्रवेश मिळाला तर वर्षाचा खर्च लाखांत. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी जागा राखीव आहेत, पण पुण्याच्या शिकवणीत तयार झालेलं मूलही महाराष्ट्रातलंच. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली हुशार पोर त्या उताऱ्यापाशीच अडखळते. ती कायद्यात कमी पडत नाही, वाचनाच्या वेगात पडते. आणि उत्तीर्ण होणारे बहुतेक मुंबई-दिल्लीच्या कंपन्यांकडे, मोठ्या फर्मकडे बघतात. त्यांना दोष देऊन काय मिळेल? बीडच्या तहसीलमध्ये कुळाचं प्रकरण चालवून शैक्षणिक कर्ज फिटत नाही, हे मीच सांगते.

तरी मागणं आहे, आणि ते नवीन इमारतीचं नाही. आमच्याकडचा जुना कागद वाचायला कोणी शिकवेल का? 1950 चा कुळकायदा आजही मराठवाड्याला लागू आहे. इनाम जमिनींचा 1954 चा कायदा आहे. मदतमाश, खिदमतमाश, देवस्थान, फसली साल, फैसल पट्टी, सेतवार हे शब्द आमच्या कोर्टात रोज येतात, आणि अभ्यासक्रमात ते कुठं दिसत नाहीत. 2023 च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकाळच्या कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, तेव्हा साऱ्या मराठवाड्याला हा धडा एकदम मिळाला. तहसिलीतल्या दप्तरांवरची धूळ झटकली गेली आणि प्रश्न आला, हे वाचणार कोण? उर्दू वाचणारे निवृत्त शिक्षक, मोडीचे जाणकार, घरी बसलेली म्हातारी माणसं हुडकून आणली. आरक्षणाच्या वादात मी इथं शिरत नाही. एवढंच दिसलं की ज्या कागदावर लाखो लोकांचं भवितव्य टांगलेलं आहे तो वाचणारे हाताच्या बोटांवर मोजावे लागले. शेजारी विधी विद्यापीठ असताना. तिथं एक छोटा विभाग निघाला, हैदराबाद राज्याचे कायदे आणि दप्तर एवढाच विषय घेऊन, तर देशात दुसरीकडे कुठं मिळणार नाही असं काहीतरी आमच्याकडे असेल.

दुसरं मागणं दिनदर्शिकेचं. कायदेविषयक शिबिरं होतात. मांडव, फलक, पाहुण्यांचा सत्कार, शेवटी चिवडा. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली माणसं दिवाळीच्या आगेमागे ऊस तोडायला कोयता घेऊन साखर कारखान्यांवर जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात, तर शिबिर भरतं डिसेंबरात. समोर म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. मुकादमाकडून उचल घेण्याचा खरा व्यवहार पावसाळ्यात होतो. कोऱ्या बाँडवर सही, कोरा चेक, वर नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे सही नवऱ्याची आणि कर्ज दोघांचं. एखादा विद्यार्थी आषाढात गावात येऊन नुसता बसला आणि “सहीच्या आधी रक्कम लिहून घ्या” एवढंच सांगत राहिला, तरी आमच्या कोर्टातल्या चेकच्या कितीतरी फिर्यादी दाखलच होणार नाहीत. वेठबिगारीविरुद्धचा कायदा 1976 पासून आहे, पण त्याचं नाव गावात घेतलं तर लोक विचारतात, ते कुठल्या राज्यात?

आणि आमच्या पालीतच इन्फंट इंडिया आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांचं घर. 2017 मध्ये एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा झाला, त्यात एक कलम मला फार शहाणं वाटतं. अशा मुलांच्या मालमत्तेचे कागद जपून ठेवण्यासाठी पालकांना बालकल्याण समितीकडे जाता येतं. बाप गेला, आई गेली, चुलत्यानं सातबाऱ्यावर आपलं नाव लावलं, हा प्रकार कायदा करणाऱ्याला माहीत होता. आणखी एक कलम असं की समज आलेलं बारा ते अठरा वर्षांचं भावंड धाकट्याचं पालक होऊ शकतं, शाळा-दवाखान्यासाठी, मालमत्तेच्या व्यवहारासाठीसुद्धा. ही कलमं पुस्तकातून गावात आणायला वकील लागतो, आणि वकिलाला त्यात फी नाही. विद्यार्थी इथंच हवा. त्याला अनुभव पाहिजे, मुलांना कागद पाहिजे.

मागच्या उन्हाळ्यात कांचनवाडीची एक विद्यार्थिनी माझ्याकडे महिनाभर शिकायला होती. नांदेडकडची, तिसऱ्या वर्षाची. कोर्टाला सुट्टी लागली म्हणून मी तिला पालीला नेलं, म्हटलं जुनी मिसल तरी बघ. मिसल बाजूला राहिली. आत्यानं तिला बाजेवर बसवून घेतलं, सगळा दावा मुन्सफीपासून ऐकवला आणि मग आवाज न बदलता म्हणाली, “आता माझा हिस्सा सांग.”

मी तिथंच होते. माझे वडील ओसरीवर होते.

आत्याचं लग्न 1994 च्या कितीतरी आधीचं. राज्यानं त्या वर्षी मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला तेव्हा आधी लग्न झालेल्यांना वगळलं होतं. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीनं आणि 2020 च्या विनीता शर्मा निकालानं ते चित्र पालटलं. हे सगळं मी रोज दुसऱ्यांना सांगते. आत्याला कधी सांगितलं नव्हतं. ती सांगेल त्या गोष्टी ऐकत आले, आणि ज्या जमिनीसाठी तिनं लहानपणी भाकरी बांधून दिल्या तिच्यात तिचं नाव नाही, याकडे माझं लक्ष कधी गेलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. गेलं होतं. माझ्या बापाच्या नावावर होती ती.

त्या मुलीनं वही काढली. एक एक विचारलं. हक्कसोड लिहून दिलं होतं का? कुठं, तलाठ्यापुढं की रजिस्ट्री कचेरीत? वाटणी कधी झाली, 20 डिसेंबर 2004 च्या आधी? ती नोंदवली होती का, की तोंडी? आत्यानं प्रत्येकाला उत्तर दिलं, साल, साक्षीदार, कोण कुठं बसलं होतं त्यासकट. अशी साक्ष मला आजवर मिळाली नाही. माझ्याकडे मात्र तिनं एकदाही पाहिलं नाही, आणि मला ते प्रकरण घेता येणार नव्हतंच.

“तुम्हाला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळेल,” मुलगी म्हणाली. “1987 चा कायदा आहे आजी, कलम 12. बाईमाणसाला उत्पन्न बघत नाहीत. फुकट.”

“फुकट नगं,” आत्या म्हणाली. “फुकटचा वकील तारखा घेतो. तू पास कव्हा होणार ते सांग, आन् फी किती घेशील? जवारी चालंल का?”

ओसरीवरून वडील म्हणाले, “अक्का, पोतं आपल्याच घरातनं जाणार का?”

“मग कोणाच्या?” आत्या म्हणाली. “जमीन कोणाची हाय?”